मज्जेचा आजार

आधी सुमनबाईंचं नाव घेतो, वासुदेवभाऊ. तुमचं मग. तुम्ही असता तर हेच म्हणाला असता, "तिचं घे बे पहिले, मी कुठी पळून राह्यलो?"

भाऊ, पळून तर तुम्हीच गेलात.

तर सुमनबाई. एटापल्लीच्याही पुढे, जंगलातल्या एका गावच्या. अंगात सिकलसेलचा, रक्ताचा आजार, लहानपणापासूनचा. रक्त कमी पडलं की सांधे ठणकतात, मग कपड्यांची पिशवी घेऊन नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात यायचं, रक्त चढवून घ्यायचं आणि परत जायचं. त्या बाईंनी आपल्या दोघांना एका चुकीच्या बाकावरून उठवून बरोबर रांगेत नेऊन उभं केलं. तेवढंच केलं. ते केलं नसतं तर तुमच्या आजाराला नाव मिळालं नसतं. आता तुम्ही नाव असलेल्या आजारानं गेलात. आपल्या नाटक कंपनीचे मालक म्हणतात, काय फरक पडतो, माणूस तर गेलाच ना. मला फरक पडतो. तुम्हालाही पडत होता. तुमच्या घरच्या वत्सलाबाईंना सगळ्यांत जास्त पडत होता.

मालकांनीच मला लिहायला सांगितलं. म्हणाले, नाटकाच्या पत्रकात चार ओळी छापू: जन्म कुठला, कंपनीत किती वर्षं, किती स्टेज बांधले. मी हो म्हणालो आणि इथे बसून तुमच्याशीच बोलतो आहे. तुमचा जन्म मला माहीत नाही. स्टेज कोण मोजतं? आणि खरं सांगू का, अजून माझ्या डोक्यात तुम्ही गेलेले नाही. काल पडदा चढवताना मी वर न पाहताच विचारलं, "भाऊ, ही दोरी इकडे की तिकडे?" स्टेजवर काम करणारे पोट्टे हातातलं टाकून माझ्याकडे पाहायला लागले. मी तसाच दोरी धरून उभा.

आठवीतून शाळा सोडून मी नाटक कंपन्यांच्या वडशाला उतरलो तेव्हा मला तीन गोष्टी येत होत्या: झाडावर चढणं, सायकल चालवणं आणि भिणं. तुम्ही स्टेजवाल्यांचे, म्हणजे लाकडी बल्ल्या रोवून स्टेज बांधणाऱ्यांचे मुख्य. नाव विचारलं नाही, गाव विचारलं. मी एटापल्ली म्हणालो आणि त्या दिवसापासून माझं नाव एटापल्लीच पडलं. "ए एटापल्ली, बल्ली धर." "एटापल्ली, तू तं बस सुटायच्या आधीच बस चुकली म्हून रडते." घर इतकं लांब की सीझनमध्ये एकदाही जाणं होत नसे, पण तुम्ही दिवसभर माझ्या गावाच्या नावानं ओरडत असायचा. मला बरं वाटायचं. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. असं काही सांगायची आपल्यात रीत नव्हती.

जनरेटरजवळची जागा तुमची होती, थंडीच्या दिवसांतली सगळ्यांत ऊबदार. पहिल्याच सीझनला तुम्ही ती मला दिलीत. म्हणालात, "मले आगच आग होते अंगाची, तू निज तिथी." मला वाटलं, पोराची दया आली म्हणून बोलता आहात. खरंच आग होत होती हे खूप उशिरा कळलं.

तुमचा चेहरा. भाऊ, तुमचा चेहरा तांबडालाल असायचा, डोळे तर असे की जणू आत्ताच कोणी तिखट उधळलं. आपला जिल्हा दारूबंदीचा. त्यामुळे आपल्याकडे पिणारा माणूस पिताना कोणाला दिसत नाही. त्याचे डोळे दिसतात, चाल दिसते, आणि तेवढ्यावर लोक निकाल देतात. न पिणाऱ्याची पंचाईत अशी की तोही पिताना कोणाला दिसत नाही.

"भाऊ, कोणत्या गावची होती? पहिल्या धारेची दिसून राह्यली," ट्रकवर कोणीतरी म्हणायचंच.

"तुह्या सासरची," तुमचं उत्तर ठरलेलं.

मेकअपवाला म्हणायचा, "खलनायकाले मी रंग लावून लावून थकलो, तुमचा फुकट वाया चालला ना जी." एकदा नाक्यावर पोलिसांनी ट्रक थांबवला, तुम्हाला खाली उतरवलं, तोंड उघडायला लावलं. वास नाही म्हटल्यावर शिपाई म्हणतो, "विलायची खाल्ली काय?" तुम्ही म्हणालात, "साहेब, विलायची परवडत असती तं बल्ल्या काऊन उचलल्या असत्या?" तोही हसला. सगळे हसले. तुम्हीही हसलात, आणि मग वडसा येईपर्यंत डोकं धरून बसलात. डोकं सारखं दुखायचं तुमचं. कानात भुंगा घुमते म्हणायचा.

थंडीत तुम्ही आंघोळ टाळायचा. पोट्टे चिडवायचे, भाऊ पाण्याले भेते. मी एकदा पाहिलं होतं. विहिरीवर दोन बादल्या घेतल्या आणि मग पोत्याचा तुकडा घेऊन तुम्ही अंग घासत बसलात. घासत म्हणजे ओरबाडत. अंगावर पुरळ नाही, काही नाही, नुसती खाज. "पाण्याचा काटा येते मले," म्हणालात. रात्री पायाचे तळवे स्टेजच्या लोखंडी पाइपाला टेकवून झोपायचा, थंड लागावं म्हणून. आणि दोन घास खाल्ले की ताट सरकवायचा. वत्सलाबाई म्हणायच्या, बाहेरून खाऊन-पिऊन आले असणार. त्यांचे वडील दारूत गेलेले. त्यांना त्या वासाची, त्या डोळ्यांची लहानपणापासून धास्ती. तुमचे सदरे धुताना आधी हुंगायच्या. वास सापडत नव्हता, त्यानं त्यांचा संशय जास्तच पक्का व्हायचा. मला एकदा बाजूला घेऊन विचारलं होतं, "खरं सांगजो बापा, कुठी लपवते हा माणूस?" मी म्हणालो, बाई, भाऊ पेत नाई. त्या माझ्याकडे अशा पाहत राहिल्या, जणू मी तुम्ही पढवलेली साक्ष देतो आहे.

मग तुम्हाला थकवा यायला लागला. बल्ली उचलली की धाप. गावात आरोग्य शिबिर आलं. आपल्या भागात थकलेला माणूस दिसला की सगळ्यांच्या तोंडी एकच असतं, रक्त कमी असन. खरंही असतं ते, दहा घरांत पाहावं तर रक्त कमीच असतं. तुमचं कोणी तपासलं नाही, लाल गोळ्या हातात दिल्या. रक्त वाढायच्या. तुम्ही नेमानं घेतल्यात, वर वत्सलाबाईंनी बीट आणून उकडून घातलं. तुमचा चेहरा आणखी लाल झाला. ज्याच्या घरात पुराचं पाणी शिरलं त्याच्याकडे आम्ही हंडे भरून नेत होतो, भाऊ.

पुढे चक्कर येऊन पडलात तेव्हा मी तुम्हाला जबरदस्तीनं सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या रक्त तपासणाऱ्यानं बोटातून थेंब घेतला, मशीनमध्ये घातला आणि मशीनलाच चापट मारली. परत घेतला. परत चापट. "भाऊ, तुमचं नाई, मशीनचं बिघडलं. इतकं रक्त कोणाचंच नसते." मग त्यानं स्वतःचं बोट टोचून पाहिलं. त्याचं बरोबर आलं. "मंग तुमचंच काहीतरी आहे," म्हणाला आणि कागदावर लिहून दिलं, नागपूर.

नागपूरचं मला काय आठवतं तर खिडक्या. प्रत्येक खिडकीसमोर माणसं, प्रत्येक माणसाच्या हातात कागद, आणि कोणता कागद कुठे द्यायचा हे विचारायला माझी जीभ उचलत नव्हती. पहिल्याच खिडकीतल्या माणसानं तुमचे डोळे पाहिले. "घेता का?" तुम्ही म्हणालात, नाई. तो हसला. सगळेच नाही म्हणतात, अशा अर्थाचं हसला आणि एका लांब ओसरीकडे बोट दाखवलं. आपण गेलो, बसलो. तिथे सगळ्यांचे हात थरथरत होते. बराच वेळ बसल्यावर मला कळलं, ही दारू सोडवायची जागा आहे. तुम्हाला आधीच कळलं होतं. पण तुम्ही उठला नाहीत. इतकी वर्षं ऐकून ऐकून तुम्हीही तिथे तसेच बसलात, जसं आपलं नाव पुकारल्यावर माणूस जातो.

मी पाणी आणायला गेलो आणि तुम्हाला चक्कर आली. तुम्ही ओरडलात, "एटापल्ली! अबे एटापल्ली!"

समोरून एक बाई चालली होती. थबकली.

"कोण हो एटापल्लीचा?"

मी बाटली घेऊन धावत आलो. म्हणालो, मी. "एटापल्लीत कुठचा?" मी गाव सांगितलं. त्यांनी त्यांचं सांगितलं. एवढ्या मोठ्या शहरात माझ्या जंगलातल्या एका ओढ्याचं नाव त्यांच्या तोंडून निघालं आणि माझे डोळे भरून आले. मग त्यांनी तुमच्याकडे पाहिलं.

"यायले इथी काऊन बसवलं?"

"दारू सोडवायले म्हणते," मी म्हणालो.

"पेता काय, भाऊ?"

"नाई वं बाई."

"मंग उठा. जो पेत नाई तो इथी बसून काय सोडन?"

बस. असंच झालं. त्यांनी विचारलं, तुम्ही उत्तर दिलं आणि त्यांनी ते ऐकलं. बायको, साळा, मालक, पोलीस, कोणीही जे केलं नाही ते एका अनोळखी बाईंनी उभ्या उभ्या केलं. कागद पाहिला, "रक्ताचं लिहिलं आहे तं रक्ताच्या रांगेत चला," म्हणाल्या आणि पुढे निघाल्या. त्यांच्या गुडघ्यात कळ होती, लंगडत होत्या, तरी आपल्यापेक्षा भरभर.

आतली डॉक्टर मुलगीच वाटावी इतकी लहान. तिनं तुमचं तोंड पाहिलं, तळहात पाहिले आणि पहिलाच प्रश्न विचारला, "आंघोळ केल्यावर खाज सुटते का?" तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत, जणू मी आधी येऊन चुगली केली. मग एकेक विचारत गेली. डोकं? कानात आवाज? तळव्यांची आग? थोडं खाल्लं की पोट गच्च? डाव्या बरगडीखाली दाबलं, म्हणाली, पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढली आहे, तिनंच पोट अडवलंय. प्रत्येक प्रश्नाला तुम्ही हो म्हणत होता आणि तुमचा आवाज बदलत चालला होता. जी जी गोष्ट लोकांनी तुमच्या दारूच्या खात्यात टाकली होती, ती ती गोष्ट ती पोरगी एकेक करून बाहेर काढत होती.

मग कमरेच्या हाडात सुई घालून आतला गर काढला. सुई पाहून मीच खाली बसलो, सिस्टरनं पाणी मला पाजलं. तुम्ही पालथे पडून हसत होता, "सुई मले, अन् चक्कर याले!" रक्ताचा आणखी एक नमुना कुठे लांब पाठवला. पुढच्या खेपेला निकाल आला. इंग्रजी नाव लांबलचक होतं. मी ते पाठ केलं आणि बसमध्येच विसरलो. मराठीत डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा अस्थिमज्जेचा आजार आहे. मज्जा म्हणजे हाडाच्या पोकळीतला गर, रक्त तिथे तयार होतं. तुमची मज्जा थांबायचं नावच घेत नाही, बनवतच जाते. रक्त दाट होतं, गुठळी होण्याची भीती असते. अधूनमधून येऊन पिशवीभर रक्त काढून टाकायचं, गोळ्या घ्यायच्या, लाल गोळ्या आजपासून बंद. पूर्ण बरा होत नाही, पण सांभाळला तर माणूस वर्षानुवर्षं चांगला राहतो.

आणि मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "जीभ जड झाली, तोंड वाकडं झालं, हातातलं बळ गेलं, तर झोपवायचं नाही, थांबायचं नाही. त्याच क्षणी गाडीत घालायचं. घरातल्या, कामावरच्या सगळ्यांना सांगून ठेवा."

सगळ्यांना सांगून ठेवा. भाऊ, हे तुम्हीही ऐकलं होतं.

बाहेर आल्यावर तुम्ही काय खूश होता! "एटापल्ली, ऐकलं ना? डॉक्टर म्हणते माझी मज्जा थांबत नाई!" बसमध्ये शेजाऱ्याला सांगितलंत. कंडक्टरला सांगितलंत. तुमची निर्दोष सुटका झाली होती. वडशाला उतरल्यावर घरीही गेला नाहीत, सरळ पानठेल्यावर. आपले स्टेजवाले तिथेच होते.

"काय निघालं, भाऊ?"

"मज्जेचा आजार आहे," तुम्ही छाती काढून म्हणालात.

मग जो हशा फुटला, तो अजून माझ्या कानात आहे. "मज्जा केली तं आजार होणारच ना बापा!" "पोट्टेहो, जपा, मज्जेचा आजार आला!" "डॉक्टरनंच लिहून देल्लं, आता काय राह्यलं?" तुम्ही समजवायला लागलात, नाई रे, ती मज्जा नाई, हाडातली मज्जा. "हाडापर्यंत गेली!" तिकडून आवाज आला. पोटं धरून हसत होते. वाईट पोरं नाहीत ती. त्यांना खरंच गंमत वाटली. तुम्हीही शेवटी हसलात. मी तुमच्याकडे पाहिलं आणि मला कळलं की आता हे तोंड बंद झालं.

वत्सलाबाईंपर्यंत तुमच्याआधी बातमी पोचली होती. दारातच म्हणाल्या, "मजेनं झाला म्हणते डॉक्टर. आता तरी खोटं बोलू नोका."

त्या दिवसापासून आपलं भांडण सुरू झालं आणि ते अजून संपलेलं नाही. मी म्हणत होतो, भाऊ, पोट्ट्यांना बसवून सांगू. आजार राहू दे, निदान खुणा सांगू. जीभ, तोंड, हात. तुम्ही म्हणायचा, "नाई सांगायचं. एकदा खरं बोललो तं हे झालं. अजून बोललो तं नाटकात घेतीन मले." मी म्हणायचो, मग नागपूरहून कोणाला तरी बोलवू. "तू काऊन इतका भेते बे? गोळी खाऊन राह्यलो ना?" मी भितो हे खरं. पण तुम्ही माझ्या भिण्याच्या आड लपत होता, भाऊ. तुम्ही मला शपथ घातली, कोणाले सांगजो नोको. मी पाळली. तुमचा शब्द पाळायचा नाही तर कोणाचा? पण आता मला तुमचा राग येतो. मेलेल्या माणसाचा राग धरू नये म्हणतात, मी धरून बसलो आहे, काय करू.

पहिल्यांदा रक्त काढायला गेलो त्या दिवसाचं मात्र मला नेहमी चांगलं वाटतं. वत्सलाबाई सोबत आल्या होत्या, विश्वास म्हणून नाही, पाळत म्हणून. तुम्ही एका खाटेवर, शेजारच्या खाटेवर सुमनबाई. त्यांच्या हातात रक्त चढत होतं, तुमच्या हातातून उतरत होतं. नळीतून तुमचं रक्त काळसर, दाट, काकवीसारखं सरकत होतं. सुमनबाई उठून बसल्या.

"हे कोणाले देतीन, भाऊ?"

"फेकून देते म्हणते."

"फेकून? अन् मी इथी बाटलीसाठी दोन दिस झाले बसून राह्यली! वाटणी करणाऱ्यानं मापच चुकवलं ना जी."

तुम्ही खरंच हात वर करून सिस्टरला बोलावलंत, "हे या बाईले लावून द्या." सिस्टर म्हणाली, असं चालत नाही, या आजारातलं रक्त दुसऱ्याला देत नाहीत. तुम्ही हिरमुसलात. "घ्या. माझं रक्तबी नापास." सुमनबाई इतक्या हसल्या की त्यांना धाप लागली.

मग त्या वत्सलाबाईंकडे वळल्या. तुम्ही डोळे मिटले होते, तुम्ही ऐकलं की नाही माहीत नाही, म्हणून सांगतो. म्हणाल्या, "बाई, तुमचा माणूस पेत असता तं मी बसल्या जागी ओळखलं असतं. माझा पेते." मग तुमच्या नळीकडे बोट केलं. "मज्जा-फज्जा सोडा. कोंबड्याची तंगडी खाता ना? नळी फोडून आतला गर चोखता ना? तोच गर यायचा बिघडला. रक्त जास्त बनवते. पाहा ना नळीत, दारू आहे का रक्त आहे?" वत्सलाबाईंनी नळीकडे पाहिलं. पिशवी भरेपर्यंत पाहत राहिल्या. परतीच्या बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसल्या. मला वाटलं, वाया गेलं.

पण तुमचं डोकं हलकं झालं होतं. लहान मुलासारखी झोप लागली तुम्हाला बसमध्ये. पुढचे काही महिने तुम्ही इतके चांगले होता की मलाच विसर पडायला लागला. दोनदा रक्त काढलं. खाज कमी झाली, ताटातला भात संपायला लागला. पुढची खेप आली तेव्हा सीझन तोंडावर होता. मी म्हणालो, आधी नागपूर. तुम्ही म्हणालात, "पहिला प्रयोग उभा करू दे, मंग जाऊ." पुन्हा तेच भांडण. मी बॅगही भरली होती. तुम्ही ती उघडून माझा टॉवेल काढून अंग पुसायला घेतलात.

आणि तो दिवस. दुपारची वेळ, आरमोरीकडचं गाव, अर्धा स्टेज उभा. मला बल्ब आणायला वडशाला पाठवलं होतं. पुढचं मी पोट्ट्यांकडून ऐकलं. त्यांनी रडत सांगितलं, मी दगडासारखा ऐकत राहिलो.

तुमच्या हातातला हातोडा गळाला. तुम्ही काहीतरी म्हणालात, शब्द जड आला. कोणीतरी म्हणालं, "भाऊ, आज दिवसाच?" तुम्ही चालायला गेलात, पाय ओढत गेला, तोल गेला, तर दोघांनी टाळ्या वाजवल्या. त्यांनी तुम्हाला मारलं नाही, टाकलं नाही. उलट प्रेमानं उचललं. पडद्याची घडी करून सावलीत अंथरली, तुम्हाला वर झोपवलं, तोंडावर पाणी मारलं आणि कामाला लागले. "उतरू द्या, संध्याकाळपर्यंत नीट होतीन."

मी आलो तेव्हा म्हणाले, भाऊ झोपले आहे. मी पडद्यामागे गेलो. तुमचं तोंड एका बाजूला गेलं होतं. डोळे उघडे होते, भाऊ. तुम्ही झोपला नव्हता. तुम्ही इतका वेळ जागे होता आणि ऐकत होता.

मी काय ओरडलो मला आठवत नाही. गाडी मिळाली, ब्रह्मपुरीच्या दवाखान्याकडे निघालो. तुमचा डावा हात माझ्या हातात होता, तुम्ही काहीतरी सांगत होता. मी कान लावला, तोंडाजवळ तोंड नेलं. दारूचा वास नव्हता, कधीच नसायचा. शब्द कळला नाही. वैनगंगेचा पूल अजून पुढे होता आणि तुमचा हात ढिला पडला. मी गाडी थांबवू दिली नाही. दवाखान्यात डॉक्टर जे बोलले ते मला आधीच कळलं होतं, तरी मी त्यांना म्हणालो, पुन्हा पाहा ना. मशीन बिघडलं असेल.

घाटावर लोक काय बोलत होते ते तुम्हाला सांगायला नको. ते तुम्ही आयुष्यभर ऐकलंत.

तिसऱ्या दिवशी राख सावडायला नदीवर गेलो. बायाही आल्या होत्या. पत्रावळीवर तुमच्या आवडीचं मांडलं, भात, वडे, सुकी मासोळी. तुमच्या साळ्यानं गमछ्यातून एक बाटली काढली. मोहाची. द्रोणात ओतायला लागला. त्याच्या मनात वाईट नव्हतं, डोळे भरलेले होते. "भाऊजीले आवडत होती, आज तरी उघड उघड घेऊ द्या." सगळे मान डोलवत होते. मला त्याला अडवायचं होतं, पण जीभ उचलेना. पुन्हा नागपूरची तीच खिडकी, तोच मी.

वत्सलाबाई पुढे झाल्या. द्रोण उचलला आणि वाळूत उपडा केला.

"नोको ठेवू. यायनं कधी घेतली नाई."

"ताई, आता काऊन लपवते? गेला माणूस."

"लपवून नाई राह्यली. हाडाच्या नळीतला गर बिघडला होता यायचा. रक्त जास्त होत होतं. मी डोळ्यानं पाह्यलं ना, नळीतून काढताना." पोट्ट्यांकडे वळल्या. "त्या दिवशी यायनं पेली नव्हती. यायले अर्धांगाचा झटका आला होता. तुम्ही निजवून देल्लं."

साळ्यानं बाटली परत गमछ्यात गुंडाळली. भाऊ, वत्सलाबाईंना कधीपासून माहीत होतं? त्या दिवशी बसमध्येच कळलं होतं का? मग तुम्हाला का नाही म्हणाल्या? की म्हणाल्या होत्या आणि तुम्ही मला सांगितलं नाही? मी त्यांना विचारलेलं नाही. विचारणारही नाही. तुम्ही ते ऐकून गेला असलात तर बरं. नसाल ऐकलं तर मी इथे लिहून ठेवतो: त्यांनी म्हटलं, सगळ्यांसमोर म्हटलं.

सुमनबाईंना अजून कळवलं नाही. परवा त्यांचा फोन आला होता, "भाऊ कसे आहे?" मी म्हणालो, आवाज येत नाही, आणि ठेवून दिला. आज करीन. मला भीती वाटते, पण करीन.

तुमची शपथ मी मोडली. मालकांनी प्रयोग पुढे ढकलला तेव्हा सगळ्या पोट्ट्यांना त्याच अर्ध्या स्टेजवर बसवलं आणि सगळं सांगितलं. मज्जा म्हणजे काय, रक्त दाट झालं की काय होतं, जीभ, तोंड, हात. मज्जा म्हटल्यावर कोणी हसलं नाही. त्यांनी विचारलं, आता काय करू? ते मला कुठे माहीत होतं. मग मला दवाखान्यातली ती शेजारची खाट आठवली आणि बाटलीसाठी दोन दिवस बसलेल्या त्या बाई.

सुमनबाई, तुमच्यासाठी हे. भाऊंचं रक्त तुम्हाला चाललं नाही. माझं चालतं का ते पाहायला मी तपासणीला दिलं आहे, निकाल यायचा आहे, सुई पाहून खाली बसलो तरी दिलं. माझं नाही चाललं तर हे पोट्टे आहेत. ज्यांनी भाऊंना सावलीत निजवलं, तेच. सीझन संपेल, तुमचा फोन येईल, तेव्हा मी त्यांना वडशाहून बसमध्ये घालून आणीन. एकेकाला तुमच्या नावानं रक्त द्यायला खाटेवर निजवीन आणि स्वतः बाजूला उभा राहून पाहीन. कधी जमेल ते आज सांगता येत नाही. पण तुम्हाला बाटलीसाठी दोन दिवस बसू देणार नाही.